नवा खुबा, जुनी चाल



तिन्हीसांजेची वेळ असते. पारावर चार मंडळी बसलेली असतात. दूर पांदीच्या वळणावर एक आकृती दिसू लागते. चेहरा अजून दिसत नाही, धोतर की पायजमा हेही नीट कळत नाही. तरीपण पारावरचे एखादे आजोबा खात्रीने सांगतात, "पाटलांचे थोरले आले वाटतं." कशावरून ओळखले? तर चालीवरून. माणसाची चाल ही त्याच्या सहीसारखी असते. त्यातून खुब्याचे दुखणे असले तर विचारूच नका. प्रत्येक पावलाला धड एका अंगाला झुकते, हात हवेत तोल धरतो, आणि माणूस नाव सांगण्याआधीच ओळखला जातो.

असा झिजलेला खुबा काढून त्या जागी धातूचा आणि प्लॅस्टिकचा नवा सांधा बसवता येतो, हे आता खेड्यापाड्यातही ऐकून माहीत आहे. जिल्ह्याच्या गावी अशा शस्त्रक्रिया होतात. पण लोक दोन प्रश्न हमखास विचारतात. नवा सांधा बसला, मग लंगडणे का राहिले? आणि दुसरा, विशेषतः तरुण माणसाचा, की मला पुन्हा खेळता येईल का? मी वैद्य नव्हे, इतिहासाचा अध्यापक आहे. औषधपाणी सांगण्याचा माझा अधिकार नाही. परंतु या दोन्ही प्रश्नांची उत्तरे बऱ्याच अंशी या शस्त्रक्रियेच्या इतिहासातच सापडतात, म्हणून तो इतिहास आज तुमच्यापुढे मांडतो.

आधी खुबा म्हणजे काय ते पाहू. शाळेच्या पुस्तकात आपण 'उखळीचा सांधा' शिकतो, तोच हा. मांडीच्या हाडाचे वरचे टोक चेंडूसारखे गोल, आणि कमरेच्या हाडात त्याला बसेल अशी वाटी. दोहोंवर गुळगुळीत कूर्चेचे अस्तर. आता आपण चालतो तेव्हा प्रत्येक पावलाला क्षणभर एकाच पायावर उभे असतो. त्या क्षणी सगळे धड दुसऱ्या बाजूला कोसळू पाहते. ते कोसळू नये म्हणून खुब्याच्या बाहेरच्या अंगाचे स्नायू कमरेला आपल्याकडे ओढून धरतात. एका बाजूची दांडी लांब आणि दुसऱ्या बाजूची आखूड अशी तागडी डोळ्यांपुढे आणा. लांब दांडीला शरीराचा भार टांगलेला, आखूड दांडीला स्नायू. तागडी समतोल राहावयाची तर स्नायूंना भाराच्या दुपटीच्या आसपास जोर लावावा लागणार, आणि हे दोन्ही भार मिळून पडणार मधल्या सांध्यावर. फ्रीडरिख पाउवेल्स या जर्मन शल्यवैद्याने १९३५ च्या सुमारास हे गणित कागदावर मांडले. पुढे बर्लिनमध्ये बेर्गमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कृत्रिम सांध्यातच मोजयंत्र बसवून प्रत्यक्ष आकडे घेतले. साध्या चालण्यात खुब्यावर शरीराच्या वजनाच्या साधारण अडीच पट भार येतो. आणि ठेच लागून माणूस सावरतो, त्या एका क्षणी तो सात-आठ पटींपर्यंत जातो! साठ किलोचा माणूस ठेचकाळला तर त्याच्या खुब्यावर क्षणभर चार-साडेचार क्विंटलांचे ओझे आले म्हणावयाचे.

हे ओढून धरणारे स्नायू दुबळे झाले की काय होते, ते फ्रीडरिख ट्रेंडेलेनबुर्ग या दुसऱ्या जर्मन शल्यवैद्याने १८९५ साली दाखवून दिले. रुग्णाला दुखऱ्या पायावर उभे करावे आणि दुसरा पाय उचलावयास सांगावे. स्नायू धड असतील तर कंबर समपातळीत राहते. दुबळे असतील तर उचललेल्या पायाकडची कंबर खाली पडते. मग माणूस नकळत युक्ती करतो. सबंध धडच दुखऱ्या पायावर झोकतो, म्हणजे तागडीची लांब दांडी आखूड होते. यालाच आपण लंगडणे म्हणतो. अर्थात लंगडणे ही शरीराने शोधलेली सोय आहे. पाच-दहा वर्षे ही सोय वापरली की ती अंगवळणी पडते, आणि ज्या स्नायूंचे काम तिने वाचवले ते आणखी वाळतात. ही गोष्ट ध्यानात ठेवा, कारण पुढे आपल्याला तिच्याकडे परत यावयाचे आहे.

आता शस्त्रक्रियेकडे वळू. बर्लिनच्या थेमिस्टोक्लेस ग्लुक यांनी १८९० च्या सुमारास हस्तिदंताचे सांधे बसवून पाहिले. पण त्यांचे रुग्ण बहुतेक क्षयाने सांधा किडलेले. जखमा चिघळल्या आणि तो प्रयोग तिथेच थांबला. त्यानंतर अमेरिकेत बॉस्टन येथे स्मिथ-पीटरसन यांनी १९२३ साली एका रुग्णाच्या पाठीतून काचेचा जुना तुकडा काढला. पाहतात तो त्या काचेभोवती शरीराने गुळगुळीत आवरण तयार केलेले! त्यांनी विचार केला, खुब्याच्या चेंडूवर काचेची टोपी बसवली तर? टोप्या बसवल्या, पण शरीराच्या भाराखाली काच फुटू लागली. अखेर १९३८ मध्ये दंतवैद्यकात वापरली जाणारी कोबाल्ट-क्रोमियमची मिश्रधातू त्यांनी घेतली, आणि ती टिकली. पुढे १९४६ साली पॅरिसच्या जुदे बंधूंनी झिजलेला चेंडू कापून त्या जागी ॲक्रिलिकचा चेंडू बसवला. रुग्ण पटकन उठून चालू लागत, म्हणून त्याचा मोठा बोलबाला झाला. पण काही वर्षांतच ते चेंडू झिजले आणि सैल झाले.

यापुढची कथा इंग्लंडात घडते. लँकाशायर परगण्यात बरी या गावी १९११ साली जन्मलेले जॉन चार्नली हे शल्यवैद्य. त्यांच्याकडे जुदे पद्धतीचा सांधा बसवलेला एक रुग्ण आला. त्याची तक्रार दुखण्याची नव्हतीच. त्याचा खुबा करकरत असे! घरात तो हालला की इतका आवाज होई की बायकोला त्याच्याजवळ बसणे नकोसे झाले होते. दुसऱ्या कोणी हसून सोडून दिले असते. चार्नली विचारात पडले. करकर म्हणजे घर्षण, आणि एवढे घर्षण असेल तर प्रत्येक पावलाला तो सांधा हाडातून उपटला जात असला पाहिजे. मग त्यांनी निसर्गाच्या सांध्याचे घर्षण मोजले, तर ते बर्फावर सरकणाऱ्या लोखंडापेक्षाही कमी निघाले.

विगन शहराजवळ राइटिंग्टन येथे पूर्वी क्षयरोग्यांसाठी असलेले एक रुग्णालय होते. तेथे चार्नलींनी आपली प्रयोगशाळा थाटली. त्यांनी दोन गोष्टी ठरवल्या. पहिली, चेंडू लहान करावयाचा. आपल्या विहिरीवरच्या रहाटाचा आस जाड असला तर तो जड फिरतो, बारीक असला तर हलका फिरतो; तोच हा न्याय. त्यांचा चेंडू पाऊण इंचाहून थोडा मोठा, बरोबर सात अष्टमांश इंच, म्हणजे बावीस मिलिमीटरांच्या आसपास होता. दुसरी गोष्ट, तो चेंडू ज्या वाटीत फिरावयाचा ती अतिशय निसरड्या पदार्थाची करावयाची. त्यासाठी त्यांनी टेफ्लॉन निवडले. हाडात सांधा घट्ट बसवण्यासाठी दंतवैद्यांकडचे ॲक्रिलिक सिमेंट घेतले. परिणाम चमत्कारासारखा होता. वर्षानुवर्षे अंथरुणाला खिळलेली माणसे चालू लागली.

पण दोन-तीन वर्षांत तीच माणसे पुन्हा लंगडत दाराशी आली. टेफ्लॉन झिजत होते, आणि त्या झिजेची भुकटी शरीराला सोसत नव्हती. जवळजवळ तीनशे रुग्णांची ही गत झाली. श्रोतेहो, या प्रसंगी एखादा डॉक्टर दोष रुग्णांवर ढकलून मोकळा झाला असता. चार्नलींनी त्या सांध्यांचे अपयश उघडपणे मान्य केले आणि रुग्णांची पुन्हा शस्त्रक्रिया करण्याचे जिकिरीचे काम पत्करले. इतकेच नव्हे, तर टेफ्लॉनची भुकटी खरोखर काय करते हे पाहण्यासाठी ती त्यांनी स्वतःच्याच मांडीत टोचून घेतली. त्या ठिकाणी गाठी आल्या, आणि शंका फिटली.

मग मे १९६२ मध्ये एक फिरता विक्रेता राइटिंग्टनला आला. लँकाशायर म्हणजे कापडगिरण्यांचा मुलूख. मुंबईच्या गिरणगावाला हे नाव नवे नाही. तेथील मागांच्या दातेरी चाकांसाठी पॉलिएथिलीन नावाचा एक चिवट प्लॅस्टिकचा प्रकार वापरात आला होता. विक्रेत्याने त्याचा तुकडा दाखवला. चार्नलींनी तो नखाने खरवडून पाहिला आणि निरुपयोगी ठरवला. ते परगावी गेले असता त्यांचे तंत्रज्ञ हॅरी क्रेव्हन यांनी मात्र तो तुकडा झीज मोजण्याच्या यंत्रावर चढवला आणि रात्रंदिवस यंत्र चालू ठेवले. तीन आठवड्यांनंतर पाहिले, तर टेफ्लॉन एका दिवसात झिजले असते तेवढेही ते झिजले नव्हते! त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्या पदार्थाची पहिली वाटी रुग्णाच्या खुब्यात बसली. ज्या पदार्थाने मागाचे चाक फिरत होते, त्यानेच माणसाचा खुबा फिरू लागला.

एकदा तोंड भाजलेले असल्यामुळे चार्नलींनी घाई केली नाही. इतर शल्यवैद्यांना हा सांधा मोकळेपणाने मिळावा याला ते कित्येक वर्षे तयार नव्हते. आधी राइटिंग्टनला येऊन काम पाहा, मग घेऊन जा, असा त्यांचा दंडक. रुग्णांना ते विनंती करीत की तुमच्या मृत्यूनंतर हा सांधा तपासणीसाठी आम्हाला परत मिळावा, आणि अनेकांनी तशी कबुली दिली. निवडलेले रुग्ण बहुधा वृद्ध आणि जखडलेले. वेदना थांबावी, माणसाने आपल्या पायांनी घरात आणि अंगणात वावरावे, एवढेच उद्दिष्ट होते. तेथे खेळाचे नाव काढण्याचे कारणच नव्हते. चार्नलींना १९७७ साली 'सर' हा किताब मिळाला, आणि १९८२ साली त्यांचे निधन झाले.

खेळण्यास मनाई का होती, हे आता तुमच्या लक्षात आले असेल. चालता फिरता माणूस एका पायावर वर्षाला सरासरी दहा लाख पावले टाकतो. प्रत्येक पावलाला वाटीतून सूक्ष्म कण निघतात. पॉलिएथिलीन टेफ्लॉनपेक्षा कितीतरी चांगले, पण झिजेवाचून ते थोडेच सुटते? बॉस्टनचे विल्यम हॅरिस आणि इतर संशोधक यांनी दाखवून दिले की हे कण साचले की शरीर त्यांच्याशी झगडता झगडता सांध्याभोवतीचे स्वतःचेच हाड खाऊन टाकते, आणि सांधा सैल होतो. म्हणजे जितकी धावपळ जास्त, तितके कण जास्त. त्या काळचा डॉक्टर "धावू नका" म्हणे, तेव्हा त्याच्यापुढे त्या वेळच्या पदार्थाचे आयुष्य असे. पदार्थ बदलले तसा सल्लाही सैल होत गेला. फ्रान्समध्ये पिएर बूतँ यांनी १९७० मध्ये सिरॅमिकचा, म्हणजे चिनी मातीच्या जातीचा, सांधा आणला. विसाव्या शतकाच्या अखेरीस किरणांचा मारा करून अधिक चिवट केलेले पॉलिएथिलीन आले आणि झीज पुष्कळच घटली.

आता मैदानाकडे चलू. अमेरिकेत बो जॅक्सन नावाचा खेळाडू होता. तो तेथील फुटबॉल आणि बेसबॉल हे दोन्ही खेळ सर्वोच्च पातळीवर खेळे. जानेवारी १९९१ मध्ये फुटबॉलच्या सामन्यात त्याला पकडून पाडले, खुबा निखळला आणि हाडाच्या चेंडूचा रक्तपुरवठा तुटला. १९९२ साली त्याला कृत्रिम खुबा बसवला. तेव्हा वय अवघे एकोणतीस. एप्रिल १९९३ मध्ये तो बेसबॉलच्या मैदानावर परतला, आणि पहिल्याच फटक्याला त्याने चेंडू मैदानाबाहेर भिरकावला! त्या हंगामात त्याने असे सोळा फटके मारले. पण फुटबॉल तो पुन्हा खेळला नाही, आणि १९९४ नंतर बेसबॉलही सोडले. ज्या खेळात अंगावर माणसे येऊन आदळतात तो कायमचा गेला. ज्या खेळात थोडे थोडे पळावे लागते तो दोन हंगाम मिळाला.

गोल्फच्या खेळाडूंची गोष्ट याहून सुखाची. जॅक निकलॉस यांचा खुबा जानेवारी १९९९ मध्ये बदलला, आणि पुढच्या वर्षी त्यांनी चारही मोठ्या स्पर्धांत भाग घेतला. टॉम वॉटसन यांनी ऑक्टोबर २००८ मध्ये खुबा बदलून घेतला. नऊच महिन्यांनी, एकोणसाठाव्या वर्षी, ते स्कॉटलंडमधील टर्नबेरी येथे ब्रिटिश ओपनच्या विजेतेपदाच्या उंबरठ्यावर उभे होते! शेवटच्या खळग्यावर एक फटका जास्त गेला, आणि जादा खेळात ते स्टुअर्ट सिंकशी हरले. गोल्फमध्ये कंबर जोराने वळते खरी, पण धावणे नाही, उडी नाही, टक्कर नाही.

टेनिसचे तसे नाही. इंग्लंडच्या डेरेक मॅकमिन यांनी १९९० च्या दशकात चेंडू न कापता त्याला तासून वर धातूची टोपी बसवण्याची पद्धत रूढ केली. स्मिथ-पीटरसन यांची टोपी नव्या रूपाने परत आली म्हणा ना. चेंडू मोठा राहतो, निखळण्याचे भय कमी होते, म्हणून तरुणांना ती मानवते. बॉब ब्रायन या दुहेरीच्या खेळाडूने ऑगस्ट २०१८ मध्ये ती करून घेतली आणि जानेवारीत तो परत मैदानावर उतरला. जानेवारी २०१९ मध्ये मेलबर्नला अँडी मरे यांनी डोळ्यांत पाणी आणून सांगितले की आता खेळ थांबवण्याची वेळ आली आहे. विम्बल्डन दोनदा जिंकलेल्या या माणसाला पायात मोजे घालणेही वेदनेचे झाले होते. त्याच महिन्यात लंडनला शस्त्रक्रिया झाली. जूनमध्ये दुहेरीत विजेतेपद आले, आणि ऑक्टोबरमध्ये अँटवर्प येथे एकेरीचे. जानेवारी २०२३ मध्ये ते मेलबर्नला एक सामना पावणेसहा तास खेळले, पहाटे चार वाजेपर्यंत. तरीही शस्त्रक्रियेनंतर मोठ्या स्पर्धांच्या एकेरीत ते तिसऱ्या फेरीपलीकडे गेले नाहीत. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकनंतर त्यांनी खेळ सोडला. वेदना गेली, खेळ परत मिळाला, पण जुना पल्ला मिळाला नाही. हेही सांगितले पाहिजे की धातूवर धातू घासणारे काही सांधे पुढे वाईट ठरले, धातूचे कण रक्तात उतरू लागले, आणि त्यातला एक प्रकार २०१० साली बाजारातून परत बोलवावा लागला. नव्याची नवलाई पाहून भुलू नये, हा चार्नलींचा धडा पुन्हा एकदा गिरवावा लागला.

या खेळाडूंच्या यशात सर्वांत मोठा वाटा कशाचा? पैसा, उत्तम डॉक्टर हे तर आहेच. पण त्यांच्यापाशी दुसरे एक भांडवल होते. चाल नव्याने शिकण्यासाठी त्यांनी महिनोन् महिने दिले. इथे मघाचा मुद्दा परत येतो. सांधा बदलण्यास एक-दोन तास पुरतात, परंतु दहा वर्षांत वाळलेले स्नायू त्या दोन तासांत भरून येत नाहीत. दुखणे गेले तरी शरीर जुनी सोय सोडत नाही. एखादा आत्ता दुखत नसतानाही त्याच बाजूला झुकून चालतो. घरची माणसे म्हणतात, "ऑपरेशन फसलं." अहो, ऑपरेशन फसलेले नसते, चालीची जुनी सवय तेवढी शिल्लक असते! चालीची काटेकोर मोजमापे घेतली असता वर्षभरानंतरही थोडा फरक उरलेला अनेकांत दिसतो.

म्हणून शिकण्याचा क्रम महत्त्वाचा. प्रथम आधार घेऊन, पण सरळ चालणे. काठी दुखऱ्या पायाच्या नव्हे, विरुद्ध बाजूच्या हातात धरावी. पुष्कळ माणसे उलट धरतात. मघाची तागडी आठवा, म्हणजे कारण कळेल. दुसऱ्या बाजूने काठीने उचलून धरले की त्या दुबळ्या स्नायूंचे ओझे हलके होते. लंगडणे थांबेपर्यंत काठी टाकण्याची घाई करू नये. काठी टाकून लंगडत चालणारा मर्दुमकी दाखवीत नसतो, जुनी सवय पक्की करीत असतो. मग डॉक्टर किंवा व्यायामोपचार करणारे तज्ज्ञ सांगतील त्याप्रमाणे कुशीवर झोपून पाय वर उचलणे, आरशासमोर कंबर न पाडता एका पायावर उभे राहणे, जिना चढणे. त्यानंतर स्थिर सायकल, पोहणे, लांब फेरफटका. खेळाचे नाव त्यापुढे. अमेरिकेतील खुब्याच्या शल्यवैद्यांचे मत १९९९ साली एकत्र केले गेले, तेव्हा खेळांची प्रतवारी लावली होती. पोहणे, सायकल, गोल्फ, चालणे हे चालतील. धावण्याचे आणि अंगाला अंग भिडण्याचे खेळ चालणार नाहीत. पुढच्या काळात ही यादी थोडी सैल झाली, आणि ज्याला एखादा खेळ आधीपासून येत होता त्याला त्यात अधिक सूट मिळाली. ज्याचे अंग पूर्वीच शिकलेले आहे तो ठेचकाळत कमी, पडतो कमी. सात-आठ पटींचा तो आकडा विसरू नका.

आता आपल्या घरी येऊ. खुब्याचे सांधे पाश्चात्त्य देशांत म्हातारपणाच्या झिजेमुळे बदलले जातात. आपल्याकडे तशी झीज त्या मानाने कमी. आपले रुग्ण पुष्कळदा तरुण असतात. रक्तपुरवठा तुटून चेंडू मेलेला, क्षयाने सांधा खाल्लेला, संधिवाताने कणा आणि खुबा जखडलेला. विदर्भात आणि नंदुरबार-गडचिरोलीच्या आदिवासी भागात सिकलसेल हा रक्ताचा आजार आहे, तोही ऐन तारुण्यात खुब्याचा चेंडू मारतो. पंचविशीतल्या त्या मुलाला पुढची चाळीस वर्षे शेतात राबावयाचे असते. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत दिसले की शंभरांतले सुमारे अठ्ठावन्न कृत्रिम खुबे पंचवीस वर्षे टिकतात. म्हणजे या मुलाच्या वाट्याला दुसरी शस्त्रक्रिया येण्याचा संभव मोठा. ती किती लवकर येईल हे थोडेफार त्याच्याही हाती असते.

आणि त्याचा 'खेळ' तरी कोणता? टेनिस नव्हे, गोल्फ नव्हे. मांडी घालून पंगतीला बसणे, उकिडवे बसून शौचाला जाणे, भाताची लावणी, जोंधळ्याची काढणी, देवापुढे साष्टांग दंडवत. हे सांधे खुर्चीवर बसणाऱ्या देशांत घडले. खुबा काटकोनापेक्षा जास्त दुमडला, गुडघा आत वळला, तर मागच्या बाजूने बसवलेला सांधा निखळण्याची भीती असते. म्हणूनच आपल्याकडे अनेक वर्षे शल्यवैद्य ऑक्सफर्डच्या गर्डलस्टोन यांच्या नावाची शस्त्रक्रिया करीत. तीत चेंडू काढूनच टाकतात, नवा काही बसवीत नाहीत. पाय आखूड होतो, लंगड राहते, पण दुखणे जाते आणि उकिडवे बसता येते! गरिबाने लंगड पत्करले आणि बैठक राखली. फ्रान्समध्ये बुस्के यांनी १९७० च्या दशकात वाटीच्या आत फिरती वाटी असा सांधा रचला, तो निखळण्यास कठीण आहे. तरीही कोणाला काय झेपेल हे त्याचा सांधा कोणता, कोणत्या बाजूने बसवला, यावर ठरते. शेजाऱ्याला चालले म्हणून आपल्याला चालेल असे नाही. शस्त्रक्रियेपूर्वीच डॉक्टरांना स्पष्ट विचारावे की मी जमिनीवर बसतो, शेतात वाकतो, माझ्यासाठी काय योग्य? विचारण्यात संकोच नको. घरात उंच आसनाचा संडास, बसावयास उंच चौरंग किंवा खुर्ची, एवढी सोय आधी करून ठेवावी.

शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती. एखादा विद्यार्थी, किंवा तुमचाच एखादा सहकारी, नवा खुबा घेऊन शाळेत परत येईल. त्याला कबड्डीच्या रिंगणात ढकलू नका. पण "तू बस बाबा सावलीत" म्हणून कायमचा बाजूलाही काढू नका. त्याला पंच करा, गुणलेखक करा, पोहण्याची सोय असेल तर पोहू द्या, प्रभातफेरीत चालू द्या. त्याची चाल सुधारावयाची तर त्याला चालावयास मिळाले पाहिजे. आणि कोणी त्याच्या जुन्या चालीची नक्कल करून हसत असेल, तर ट्रेंडेलेनबुर्गची तागडी फळ्यावर काढून वर्गाला समजावून सांगा. लंगडणे म्हणजे काय, हे एकदा कळले की पोरे हसत नाहीत.

करकरणाऱ्या खुब्याचा एक आवाज, तीनशे अपयशांची कबुली आणि मागाच्या चाकाचा एक तुकडा यांतून हा सांधा घडला. घडवणाऱ्यांनी घाई केली नाही. ज्याच्या अंगात तो बसतो त्यानेही घाई करू नये. सहा महिने, वर्षभर रोज थोडे थोडे सरळ चालावे. मग एखाद्या तिन्हीसांजेला पांदीच्या वळणावर आकृती दिसेल, आणि पारावरचे आजोबा डोळ्यांवर हात धरून म्हणतील, "कोण बरं येतंय हे? चालीवरून काही ओळखू येत नाही." त्या दिवशी ऑपरेशन पुरे झाले असे समजावे.